कॉईलचं प्लस-मायनस मल्टीमीटरला विचारू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर घरच्या घरी हाय व्होल्टेज कॉईल कशी करायची यावर लेख आला होता. फोटो छान होते, वायर किती गेजची घ्यायची तेही बरोबर दिलं होतं, आणि मुलांसाठी कुणीतरी असं काही लिहितंय याचा मला मनापासून आनंद झाला. पण शेवटच्या चौकटीत एक ओळ होती, "कॉईल तयार झाली की मल्टीमीटरने प्लस-मायनस तपासून घ्या". ही ओळ चुकीची तर आहेच पण धोक्याची पण आहे, आणि त्यामुळे आमच्या शेजारी काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून हे लिहितोय. पत्र लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी ३१ वर्षं एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहाय्यक होतो. माझ्या थोरल्या भावाचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं, सुट्टीचे सगळे दिवस मी तिथेच असायचो, त्यामुळे कॉईल हा प्रकार मी दोन्हीकडून बघितलाय, काचेच्या कपाटातून पण आणि बॉनेटखालून पण.

आमच्या शेजारचा मुलगा नववीत आहे. त्याने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी धूर पकडणारा पाईप केला. कल्पना तीच जी कोळशावरच्या वीज केंद्रात चिमणीच्या आधी वापरतात, मधे एक बारीक तार, तिच्यावर हजारो व्होल्ट, भोवती पत्र्याची नळी अर्थ केलेली, आणि खालून धूर सोडला की धुराच्या कणांवर चार्ज बसतो आणि ते नळीच्या भिंतीला जाऊन चिकटतात. त्याने उदबत्तीचा धूर घेतला होता. कॉईल भंगारातली, जुन्या गाडीची इग्निशन कॉईल, यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी आणि एका रिलेला बझरसारखं जोडून मेक-ब्रेक, म्हणजे सर्किट सतत जोडायचं-तोडायचं. कंडेन्सरसुद्धा आठवणीने लावला होता. म्हणजे पोराने मेहनत खूप घेतली होती.

पण धूर काही नीट पकडला जाईना. तार आणि नळी यांच्यात ताडताड ठिणग्या पडायच्या आणि धूर तसाच वर. कुणीतरी त्याला सांगितलं की तारेला मायनस पाहिजे, तुझं उलटं झालं असेल. म्हणून त्याने तुमच्या लेखात सांगितल्याप्रमाणे वडलांचा मल्टीमीटर काढला, डीसीला लावला आणि प्रोब एचटी वायरला, म्हणजे कॉईलच्या हाय व्होल्टेजच्या वायरला टेकवला. मीटरवर लिहिलंय ६०० व्होल्ट. कॉईल देते २० हजाराच्या आसपास. आधी थोडा वेळ आकडे शून्याच्या आसपास इकडे तिकडे नाचले, मग मीटरच्या आतून टक् असा आवाज आला आणि डिस्प्ले गेला, आणि पोराला कोपरापर्यंत झटका बसला. हात दोन तास बधिर होता. देवाच्या कृपेने एवढ्यावर निभावलं. प्रोबचं ते लाल प्लास्टिक वीस हजार व्होल्टसाठी बनवलेलंच नसतं हो, ठिणगी त्याच्यावरून सरपटत बोटापर्यंत येते.

त्याने नंतर मला विचारलं, काका, मीटर मरायच्या आधी शून्य का दाखवत होतं? हा प्रश्न मला फार आवडला कारण सगळी गोम तिथेच आहे, आणि तुमच्या लेखात ती गोम कुठेच नव्हती.

कॉईलमधे दोन वाइंडिंग असतात, जाड तारेची प्रायमरी, थोडे फेरे, आणि केसासारख्या बारीक तारेची सेकंडरी, हजारो फेरे. गाडीच्या कॉईलमधे प्रमाण साधारण एकास शंभर धरा. प्रायमरीला बॅटरी जोडली की करंट हळूहळू चढतो आणि सेकंडरीला एका दिशेने व्होल्टेज येतं, पण ते जास्तीत जास्त १२ च्या शंभर पट म्हणजे १२०० व्होल्ट. मग सर्किट तोडलं की करंट एकदम शून्यावर कोसळतो, प्रायमरीवरच दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि सेकंडरीला उलट्या दिशेने वीस-पंचवीस हजार. घागर नळाखाली भरायला वेळ लागतो आणि भडकन उपडी केली की क्षणात रिकामी होते, पाणी मात्र तेवढंच, ना कमी ना जास्त, तसंच हे, जोडताना कमी व्होल्टेज जास्त वेळ आणि तोडताना प्रचंड व्होल्टेज क्षणभर, आणि दोन्हीचा हिशेब सारखा. म्हणून सरासरी काढणारं मीटर शून्य दाखवतं. ते खोटं बोलत नव्हतं, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

पण मधे हवेची फट ठेवली, तीन-चार मिलिमीटरची, की चित्र बदलतं. १२०० व्होल्टला ती फट ओलांडता येत नाही, वीस हजाराला येते. म्हणजे फक्त तोडतानाचा झटकाच पलीकडे जातो आणि तो नेहमी एकाच दिशेचा असतो. म्हणून अशा कॉईलला प्लस आणि मायनस असतं, पक्कं असतं. हे मुद्दाम लिहितोय कारण प्रदर्शनात एका परीक्षकांनी त्या मुलाला सांगितलं की हाय व्होल्टेज कॉईल म्हणजे एसी, तिला कसली आलीये पोलॅरिटी. टेस्ला कॉईलबद्दल ते म्हणाले असते तर शंभर टक्के बरोबर होतं, तिथे करंट सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो, तिथे प्लस-मायनस विचारण्यात अर्थच नाही. पण मेक-ब्रेकवाली कॉईल वेगळी. या दोन गोष्टींची सगळीकडे सरमिसळ होते, यूट्यूबवर तर प्रत्येक कॉईल टेस्ला कॉईलच असते.

आता मापायचं कसं, तर त्याला पैसे लागत नाहीत.

आमच्या गॅरेजची पद्धत पेन्सिलची. जुन्या गाड्यांत सीबी पॉईंट (सर्किट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) आणि कंडेन्सर असायचा तेव्हा प्रायमरीच्या दोन वायरी उलट्या लागल्या तरी गाडी चालू व्हायची, म्हणून चूक महिनोन् महिने लक्षात यायची नाही, फक्त चढाला लोड आला की मिसिंग करायची. कारण स्पार्क प्लगचा मधला इलेक्ट्रोड तापलेला असतो, तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सोपे सुटतात, म्हणून तो मायनस असला की ठिणगी कमी व्होल्टेजला पडते, उलटं झालं की जास्त व्होल्टेज लागतं आणि नेमक्या गरजेच्या वेळी कॉईल कमी पडते. गिऱ्हाईक म्हणायचं कार्बोरेटर बघा, भाऊ कार्बोरेटरला हातच लावायचा नाही, आधी पेन्सिल काढायचा. एचटी वायरचं टोक आणि प्लग यांच्यात थोडी फट ठेवून त्या फटीत पेन्सिलचं शिसं धरायचा. ठिणगी वायरवरून शिशावर आणि शिशावरून प्लगवर जाते, पण दोन्ही बाजूंना ती सारखी दिसत नाही, एका बाजूला तिला केशरी पिसारा फुटतो. पिसारा प्लगच्या म्हणजे अर्थच्या बाजूला असेल तर वायर मायनस, बरोबर आहे. वायरच्या बाजूला असेल तर उलटं जोडलंय. अंधारात एकदम स्पष्ट दिसतं. भाऊ पेन्सिल हातात धरायचा, मी मुलांना ते अजिबात करू देणार नाही, कपड्याचा लाकडी चिमटा लांब पीव्हीसी पाईपला बांधा आणि त्यात पेन्सिल अडकवा, आणि बॅटरीची वायर जोडायच्या आधीच ती जागेवर पक्की करा.

शेजारच्या पोराची कॉईल आम्ही आधी अशीच तपासली. दिवे बंद केले, आणि पिसारा वायरच्या बाजूला. म्हणजे त्याची मधली तार प्लस होती. लॅबमधला जुना नियम आहे की टोकदार भाग प्लस असला आणि समोर सपाट पत्रा मायनस असला की ठिणगी लांब उडी मारते, उलटं केलं की तेवढ्याच व्होल्टेजला पडत नाही. त्याची बारीक तार म्हणजे टोकच की, ती प्लस होती म्हणून ठिणग्या लवकर पडत होत्या आणि धूर पकडायला व्होल्टेज टिकतच नव्हतं. मोठ्या वीज केंद्रातल्या धूळ पकडणाऱ्या यंत्रात तार मायनस ठेवतात ती याच्याचसाठी. आम्ही प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, बाकी कशालाही हात लावला नाही, ताडताड थांबली, नुसता सूं असा आवाज, आणि उदबत्तीचा धूर पाईपच्या तोंडातून बाहेर यायचा कमी झाला. त्या मुलाचा चेहरा तुम्ही बघायला पाहिजे होता.

दुसरी पद्धत हळदीची, आणि ही प्रत्येक शाळेत करावी असं मला फार वाटतं. हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते, कुंकू त्यावरच करतात, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मिठाच्या पाण्यातून करंट गेला की मायनसच्या टोकाशी अल्कली तयार होते. म्हणून टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, वापरताना मिठाच्या पाण्याने ओला करायचा, त्यावर दोन टाचण्या सेंटीमीटरभर अंतरावर ठेवायच्या आणि करंट सोडायचा. ज्या टाचणीखाली लाल डाग पडला ती मायनस. आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर करून दाखवा, काही सेकंदात डाग येतो आणि मुलांचा विश्वास बसतो. मग कॉईलवर, पण कॉईलवर करताना त्याच रस्त्यात ती हवेची फट ठेवलीच पाहिजे, नाहीतर जाणारा आणि येणारा हिशेब सारखा होऊन डाग येणारच नाही. आम्ही दोन्ही करून बघितलं. फट न ठेवता तीन मिनिटं चालवलं, कागद पिवळाच. फट ठेवली, ठिणगी सुरू झाली, आणि मिनिटभरात एचटीकडच्या टाचणीखाली विटकरी लाल ठिपका उमटला, आधी मोहरीएवढा मग ज्वारीच्या दाण्याएवढा. पोरगा म्हणाला काका हे मीटरपेक्षा भारी आहे. खरंच आहे, कारण हा कागद तुम्हाला पोलॅरिटी पण सांगतो आणि ती फटीमुळे का मिळते तेही सांगतो.

जुन्या स्टॅबिलायझरमधला छोटा निऑन दिवा पण चालतो, डीसीवर त्याची फक्त मायनसची कांडी उजळते. कॉईलवर दोन्ही थोड्या लुकलुकतात पण एक ठळक असते. त्यालाही फट लागतेच. लाईन टेस्टर मात्र हातात धरून कॉईलजवळ न्यायचा नाही, तो घरातल्या २३० व्होल्टसाठी आहे.

आणि ज्यांना ठिणगी न पाडता तपासायचंय त्यांनी गॅल्व्हानोमीटर घ्यावा, तो लॅबमधला मधे शून्य असलेला. सेकंडरीला गॅल्व्हानोमीटर पक्का स्क्रूने आवळून जोडा, प्रायमरीला एकच दीड व्होल्टचा सेल आणि सिरीजमधे १० ओहमचा रेझिस्टर. सेल जोडला की काटा एका बाजूला झटका खातो, तोडला की तेवढाच दुसऱ्या बाजूला. इथे बहुतेकजण फसतात. जोडतानाचा झटका बघून ते प्लस-मायनस लिहून ठेवतात आणि कॉईलवर ठिपका मारून मोकळे होतात, पण ठिणगी पडते ती तोडताना, म्हणजे ठिणगीचं प्लस-मायनस बरोबर उलटं. ट्रान्सफॉर्मरच्या पुस्तकात जोडतानाची खूण शिकवतात, ती ट्रान्सफॉर्मरसाठी बरोबर आहे, इथे उलटी धरायची. माझ्या ३१ वर्षांत किमान निम्म्या मुलांनी इथे चूक केली असेल, आणि एकदा नीट समजल्यावर परत कुणी केली नाही. (मोटारसायकलच्या सीडीआय कॉईलची गोष्ट अजून वेगळी, तिथे कंडेन्सर रिकामा होताना ठिणगी पडते, तिला हा तोडण्याचा नियम लावू नका, सरळ पेन्सिल किंवा हळद.)

आमच्या लॅबमधे एक जुनी मोठी इंडक्शन कॉईल, म्हणजे हीच मेक-ब्रेकवाली कॉईल होती, लाकडी पाटावर बसवलेली, काळं एबोनाइट (कडक रबर), पितळेचे गोळे, आणि बाजूला एक फिरवायचा स्विच. पहिल्या वर्षी मी सरांना विचारलं हा स्विच कशाला, बंद-चालूचा तर दुसरा आहे. सर म्हणाले तो प्रायमरीचा करंट उलटा करायला, म्हणजे वायरी न काढता प्लस-मायनस बदलता येतं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना ही गोष्ट एवढी महत्त्वाची वाटत होती की त्यांनी त्यासाठी खास स्विच दिला. आयर्लंडमधे मेनूथ इथल्या निकोलस कॅलन या पाद्री-प्राध्यापकांनी १८३६ मधे पहिली अशी कॉईल केली, तेव्हा मापायला काही नव्हतं तर ते विद्यार्थ्यांना शॉक देऊन ताकद बघायचे, हे वाचलं की आज अंगावर काटा येतो. मग फिझो यांनी १८५३ मधे तोडायच्या जागी कंडेन्सर लावला, पॅरिसच्या रूमकॉर्फ यांनी वाइंडिंग आणि इन्सुलेशन इतकं सुधारलं की १८६४ मधे त्यांना ५०,००० फ्रँकचं व्होल्टा पारितोषिक मिळालं. १८९५ मधे राँटगेन यांना क्ष-किरण सापडले ते अशाच कॉईलवर, आणि पुढे एक्स-रे करणाऱ्यांची मोठी डोकेदुखी हीच होती की उलटा करंट गेला की ट्यूब खराब व्हायची. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी रेडिओ लहरींचे प्रयोग केले ते पण इंडक्शन कॉईलच्या ठिणगीवर. एवढा मोठा वारसा असलेली वस्तू आज बऱ्याच शाळा-कॉलेजात कपाटात धूळ खात पडलीये, आमची तर एका वर्षी भंगाराच्या यादीत टाकली होती, मी ती यादीतून काढायला लावली.

त्या कॉईलवर सरांनी मला एकदाच एक प्रयोग दाखवला तो मी विसरू शकत नाही. जर्मनीत गॉटिंगेनला लिख्टेनबर्ग यांनी १७७७ मधे केलेला. एबोनाइटच्या पाटीवर टोकदार तार उभी ठेवली, फटीतून एकच ठिणगी दिली, मग तार काढून गंधक आणि शेंदूर यांची मिसळलेली पूड मलमलीच्या फडक्यातून वर चाळली. पाटीवर पिवळंधमक झाड उमटलं, मधून सगळीकडे फांद्या फुटलेल्या, फांद्यांना परत फांद्या. मग कॉईलचा तो स्विच फिरवला, पाटी पुसली, परत एक ठिणगी, परत पूड, आणि यावेळी लाल, गोल गोल, कुंकवाच्या टिळ्यासारखं, फांदी एकही नाही. चाळताना घासून गंधक मायनस होतं म्हणून ते प्लसला चिकटतं आणि शेंदूर प्लस होतो म्हणून तो मायनसला. पिवळं झाड म्हणजे प्लस, लाल टिळा म्हणजे मायनस. खिडक्या उघड्या, नाकाला रुमाल, आणि मुलं लांब मागच्या बाकावर, कारण शेंदूर म्हणजे शिशाचं विष आहे. घरी कुणीही हे करू नये म्हणून प्रमाण मुद्दाम लिहीत नाही. पण वीज कुठल्या दिशेची आहे हे डोळ्यांना रंगात दिसणं, ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आता धोक्याचं, आणि हे कृपया कापू नका. गाडीच्या कॉईलचा झटका बहुतेक वेळा जीव घेत नाही, पण पेसमेकर असलेल्या माणसाने त्या खोलीत थांबू नये, आणि झटक्याने हात उडून दुसरीकडे आपटतो त्याने जास्त लागतं. कॉईल १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालवा, घरच्या लाईनवर कधीच नाही. आधी सगळी जोडणी, मग बॅटरी, आणि हात लावायच्या आधी बॅटरी काढून एचटीचं टोक अर्थला टेकवा. एक हात खिशात. मच्छर मारायची रॅकेट उघडून वापरणारी मुलं खूप आहेत, तिच्यातला कंडेन्सर बंद केल्यावरही भरलेला असतो. जुना टीव्ही उघडू नका. आणि मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर, त्याला तर शिवू पण नका. तो दोन हजार व्होल्टच देतो, म्हणजे आपल्या कॉईलच्या दहावा हिस्सा, पण माणूस मारायला पुरेल त्याच्या कितीतरी पट करंट देतो. त्यावर लाकडावर नक्षी जाळायचं खूळ अमेरिकेत निघालं आणि त्यात अनेकजण जागीच गेले, तिथल्या लाकूड कातणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमात तो प्रकार बंद केला. व्हिडिओ मात्र अजून फिरतायत आणि आपली मुलं बघतायत.

माझी विनंती एवढीच आहे. तो लेख ज्या पानावर आला त्याच पानावर, त्याच आकाराची चौकट करून, मल्टीमीटरची ओळ मागे घ्या आणि पेन्सिल, फट आणि हळदीचा कागद हे तिथे छापा. खाली कोपऱ्यात शुद्धिपत्र म्हणून चार ओळीत नको, कारण ज्या मुलाने लेख कापून वहीत चिकटवलाय तो शुद्धिपत्र वाचत नाही. आणि मुलांचे असे लेख छापायच्या आधी कुणातरी लॅबवाल्याला किंवा गॅरेजवाल्याला एकदा दाखवत जा, आम्ही लोक फुकट वाचून देऊ, आनंदाने देऊ.

पत्र ईमेलने पाठवतोय. शेजारच्या मुलाने केलेला हळदीचा कागद वाळवून पोस्टाने वेगळा टाकलाय, टाचण्यांच्या खुणा आहेत, लाल ठिपका कुठल्या टोकाला पडला आणि किती मिनिटांनी ते त्याने मागे स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. फोटो छापायचा तर तोच छापा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, कराड